तळाची वाळू

गोविंदाला बघायला आलेल्या माणसाला आमच्या घरी आधी चहा मिळतो, मग व्हिडिओ. माझी सून छाया तो मोबाइलवरून मोठ्या टीव्हीवर लावते. आलेला माणूस खाटेशेजारच्या खुर्चीत बसतो, बशीतला चहा फुंकतो आणि समुद्राच्या तळाशी पोहणारा गोविंदा बघतो. खाटेवरच्या गोविंदाकडे मग कोणी फारसं बघत नाही.

"बाप्पा! हा आपला गोविंदा व्हय?" प्रत्येक जण म्हणतो.

"हाव न," छाया म्हणते. "पाहा तं खरं, कासव येऊन राह्यलं आता."

गोविंदा माझा धाकटा दीर. वय अठ्ठावन्न. त्याचं उजवं अंग गेलं आहे आणि वाचाही गेली आहे. ऐकू सगळं येतं, कळतं सगळं. डॉक्टरांनी तसं सांगितलं, पण त्यांनी सांगितलं नसतं तरी मला ठाऊक होतं. त्याला मी वाढवलं आहे.

मागच्या आठवड्यात अंदमानहून एक कागद आला. गोविंदाला पाण्याखाली घेऊन गेलेली मुलगी, मौसुमी तिचं नाव, तिचं काम तिथल्या कार्यालयाने थांबवलं आहे. तक्रार माझ्या मुलाने, हरिओमनेच केली होती. चौकशी करणाऱ्यांना आता एवढंच हवं होतं की बोटीवर बसलेल्या बाईने लिहून द्यावं, पाण्यात उतरण्याआधी त्या मुलीने काय काय सांगितलं होतं. ती बाई म्हणजे मी. बोट चालवणारा त्यांचाच माणूस, त्याचा शब्द कोण धरणार? मी खरं लिहिलं तर मौसुमी पुन्हा समुद्रात उतरणार होती. हरिओमने लिहून आणलेल्या कागदावर सही केली तर तिचं काम कायमचं सुटणार होतं.

हरिओमचा कागद चार दिवस माझ्या उशाखाली होता.

मी जानेफळच्या या घरात सून म्हणून आले तेव्हा सतरा वर्षांची होते आणि गोविंदा चार वर्षांचा. सासूबाई त्याच्या जन्मानंतर वर्षभरातच गेल्या होत्या. माझा पदर धरून तो घरभर फिरायचा. मी त्याला जेवू घातलं, त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, आणि सांगितलेलं ऐकायला शिकवलं. त्याबाबतीत माझा हात कडक होता. "बस" म्हटलं की तो बसायचा. एकदा मी त्याला ओसरीच्या खांबाशी बसवलं आणि विसरून गेले. संध्याकाळी शेतातून आले तर पोरगं तिथेच, चड्डी ओली झालेली, तरी उठलेलं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट बायांमध्ये कौतुकाने सांगायची. असं पोर कोणाच्या घरात होतं?

पोहायला त्याला माझ्या मालकांनी शिकवलं, उत्तमरावांनी. आमच्या मळ्यातली विहीर सहा परस खोल. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून त्यांनी त्याला काठावरून ढकललं. आठ दिवसांनी डबा काढला आणि पुन्हा ढकललं. महिन्याभरात गोविंदा मासोळीसारखा झाला. आमच्याकडे एक रीत होती. नुसती बुडी मारून वर आलं तर कोणी मानायचं नाही. तळाची मूठभर माती आणून दाखवायची. माती दिसली तरच तळ गाठला. छाती भरून दम घ्यायचा, तोंड मिटायचं, खाली जायचं, मूठ भरायची, आणि तळाला पाय टेकवून असा रेटा मारायचा की माणूस बाणासारखा वर येतो. दम सुटला की संपलं. गोविंदाने कधी दम सोडला नाही.

ते उन्हाळे आठवले की अजून बरं वाटतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळा गोतावळा मळ्यात जमायचा. निंबाखाली पुरणपोळ्या, चिंचवणी, आंब्याचा रस. जेवणं झाली की कोणीतरी विहिरीत काहीतरी टाकायचं आणि गोविंदाला खाली पाठवायचं. आधी तांब्या टाकायचो. मग त्याच्या वहाणा. पुढे हरिओम दहा-बारा वर्षांचा झाला तेव्हा त्याने काकाचे सगळे कपडे दगड बांधून टाकले, आणि ते घेऊन वर येणारा उघडा गोविंदा बघून बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. गोविंदाही हसला. त्याला वाटायचं, आपल्यामुळे सगळ्यांना मौज वाटते.

गावात कोणी विहीर जवळ केली की बोलावणं त्यालाच. बाईमाणसाला वर काढून आणलं की दोन दिवस तो जेवायचा नाही. मी ओरडायची, "सैपाक वाया चालला भाऊजी, बसा गुमान." मग जेवायचा.

त्याचं लग्न झालं नाही. धाड गावच्या एका घरची मुलगी सांगून आली होती. काळीसावळी, कामाची पोरगी, तिने याला मेहकरच्या बाजारात पाहिलेलं आणि पसंतही केलेलं. पाहुणे घरी येऊन बोलून गेले. मध्यस्थाला मी मागच्या दारी गाठलं आणि हळूच सांगितलं, की पोराला फिट येते, आम्ही लपवत नाही. पुन्हा कोणी आलं नाही. दुसरी बाई घरात आली असती तर अर्धा मळा वेगळा झाला असता, आणि तो पहाटे उठून कोणाच्या हाकेला ओ देणार होता? गोविंदाने फक्त एकदा विचारलं, "वयनी, थे धाडचे लोक काऊन नाई आले मंग?" मी म्हटलं, "त्याईले रंग गोरा पाह्यजे होता." त्यानंतर बरेच दिवस तो उन्हात काम करताना डोक्यावरून टॉवेल घ्यायचा.

हरिओमचं खामगावला सरकीच्या व्यापारात बस्तान बसलं. या वर्षी त्याने ठरवलं, आईला विमानातून अंदमानला न्यायचं. माझे गुडघे गेलेले. मालक मळा सोडून कुठे हलत नाहीत, तेव्हा मला धरायला, पिशव्या उचलायला कोणी हवं म्हणून गोविंदालाही घेतलं. छायाने त्याला नवा शर्ट घेतला आणि सगळीकडे सांगितलं की काकालाही नेतोय.

तिथल्या एका बेटावर पाण्याखाली नेऊन प्रवाळ दाखवतात. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. हरिओमने दोन नावं लिहिली, त्याचं आणि काकाचं. मी आणि छाया बोटीवर बसणार होतो, पण छायाला बोटीने मळमळलं म्हणून ती किनाऱ्यावरच राहिली.

मौसुमी सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. उन्हाने रापलेली, केस आखूड, हात पुरुषासारखे. बोटीत तिने गोविंदाला समोर बसवलं. त्याचा पट्टा स्वतः आवळला, काच स्वतः पुसून दिली आणि हिंदीत एकेक गोष्ट सांगितली. पहिली, पाण्याखाली श्वास कधीच धरायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. दुसरी, कशालाही हात लावायचा नाही. तिसरी, तिचा हात सोडून वर यायचं नाही. आपण वर येतो तशी छातीतली हवा फुगते, ती सोडली नाही तर फुप्फुस फाटतं, असं तिने हाताचे दोन पंजे पसरून दाखवलं.

"चाचा, बताइए, पहला नियम क्या?"

"सास रोकना नहीं," गोविंदा म्हणाला.

"और?"

"हात नहीं लगाना. और तुमारा हात नहीं छोडना."

"शाबाश! आज के सबसे अच्छे स्टुडंट आप हैं."

गोविंदाचा चेहरा असा उजळला की मला तो ओळखू येईना. चौथीत शाळा सुटल्यापासून त्याला कोणी शाबास म्हटलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता आणि पुन्हा पुन्हा नियम म्हणत होता. बोट हेलकावली तेव्हा मी "भाऊजी, हात द्या" म्हटलं, तर त्याला ऐकूच आलं नाही. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा.

हरिओम हसत होता. "काका, तुमाले कायले पाह्यजे बे ह्या नळ्या? इहिरीत तं अशेच जाता."

"हे येगळं हाये हरी," गोविंदा म्हणाला. "बाईनं सांगतलं तसं करा लागते."

त्या "बाईनं" या शब्दाचा मला राग आला. मी म्हटलं, "सांगतलं तसंच करा, भाऊजी. पण तळ गाठसान तं मूठभर माती घेऊन येजा. नाई तं कोण खरं मानते? त्या पोरीनं बोट धरून फिरवलं म्हनतीन गावातले."

हरिओम टाळी देऊन हसला. "बराबर बोलली माय! काका, माती पाह्यजे. जानेफळची इज्जत हाये."

गोविंदा हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली, लहानपणी "बस" म्हटल्यावर डोलवायचा तशी. मौसुमीला आमची बोली कळली नाही. "क्या बोल रही हैं माँजी?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कुछ नहीं, संभलके जाना बोली."

पुढची चार मिनिटं हरिओमने पाण्याखाली काढलेल्या व्हिडिओत आहेत. मी ती इतक्यांदा पाहिली आहेत की डोळे मिटले तरी दिसतात. निळ्या उजेडात गोविंदा आडवा तरंगतो आहे आणि मौसुमीने त्याचा दंड धरला आहे. खाली मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे दगड, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, जांभळ्या, पिवळ्या, काही बाजरीच्या कणसासारख्या. ते दगड नव्हेत, जिवंत असतात म्हणे. त्यांच्यावर मासे तरी किती! पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा येतो, ज्वारीवर पाखरं उतरावीत तसा, आणि गोविंदाच्या दोन्ही बाजूंनी वाहून जातो. हिरवा-निळा, पोपटासारख्या चोचीचा मासा दगड कुरतडतो आहे, त्याची कडकड आवाजात ऐकू येते. झालरीसारख्या मऊ बोटांमध्ये केशरी-पांढरे मासे लपतात आणि पुन्हा बाहेर येतात. एक भला मोठा शिंपला, निळ्या मखमली ओठांचा, गोविंदाची सावली पडताच मिटून घेतो. मग कासव येतं. म्हाताऱ्या माणसासारखं मान वर करून बघतं आणि त्याच्या अगदी पोटाखालून निघून जातं. गोविंदा हात जोडतो. टीव्हीसमोर बसलेली माणसं इथे हमखास हसतात.

तोंडातून सगळा वेळ बुडबुडे निघत असतात. घेतो आहे, सोडतो आहे. शिकवलं तसं. कशाला हात लावत नाही.

शेवटी पांढऱ्या वाळूचा मोकळा तुकडा येतो. हरिओम कॅमेरा स्वतःकडे वळवून अंगठा दाखवतो, आणि तिथे व्हिडिओ संपतो. म्हणजे हरिओमने तो तिथे कापला आहे. पुढचा भाग मी त्याच्या फोनवर एकदाच पाहिला, नंतर त्याने तो पुसून टाकला. गोविंदा वाळूकडे बघतो. मग वर बघतो, बोट असते तिकडे. बुडबुडे थांबतात. मौसुमी त्याच्या तोंडासमोर हात हलवते, श्वास घ्या, सोडा, अशी खूण करते. मासे एकदम जवळ येतात, बुडबुड्यांना भ्यायचं कारणच उरत नाही. तो दंड सोडवून घेतो, वाकतो, मूठ भरतो, आणि तळाला दोन्ही पाय टेकवून रेटा मारतो.

बोटीवरून मला तो कमरेइतका पाण्याबाहेर आलेला दिसला. नळी तोंडातून सुटली होती. हात उंच धरला होता.

"वयनी," तो म्हणाला, "हे पाहा." आणि मूठ उघडली.

त्याचं ते शेवटचं बोलणं. मग तोंडाला लाल फेस आला आणि तो आडवा झाला. बोट चालवणाऱ्याने पाण्यात उडी टाकली. मागोमाग मौसुमी वर आली. दोघांनी त्याला बोटीत ओढलं, तिने त्याच्या तोंडावर हवेचा मुखवटा धरला आणि रडत एकच विचारत राहिली, "क्यों छोड़ा चाचा? क्यों रोकी साँस?" मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला मोठ्या बेटावर नेईपर्यंत संध्याकाळ झाली. हवेचा बुडबुडा रक्तातून मेंदूत गेला, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

कागद आल्याच्या तिसऱ्या दिवशी मौसुमीचा फोन आला. नंबर तिला कुठून मिळाला कोण जाणे. आधी तिने गोविंदाची चौकशी केली. जेवतात का, हात हलतो का. मग म्हणाली, "माँजी, आप वहीं थीं. मैंने तीनों बातें बताई थीं न? चाचा ने दोहराई थीं. बस इतना लिख दीजिए. मुझे और कोई काम नहीं आता."

"हां बेटी," मी म्हटलं.

"लिखेंगी न?"

"हां, हां. तू खाना खा," असं म्हणून मी फोन ठेवला.

खोटं कशाला सांगू, दोन दिवस माझ्या मनात होतं की लिहावं. पण खरं लिहायचं तर पुढचा प्रश्न येणार होता. इतकं समजावलेल्या माणसाने तळाशी वाळू का उचलली? बोटीवर कोण काय बोललं? पोरीला बोली कळली नव्हती, पण बोटवाल्याच्या कानावर माती, इज्जत, जानेफळ असे शब्द गेले होते. आणि मग मेहकरपासून धाडपर्यंत सगळे म्हणणार, वयनीनं पाठवला त्याला. मला अजून लोकांच्या घरी हळदीकुंकवाला जायचं आहे. लग्नात पहिल्या पंगतीला बसायचं आहे.

काल दुपारी हरिओम खामगावहून आला. आल्या आल्या खुर्ची ओढून गोविंदाच्या खाटेपाशीच बसला.

"काका, कसं काय? अजून एक बुडी मारता का?"

गोविंदाचा डावा डोळा त्याच्याकडे वळला. उजवा नुसता उघडा असतो.

"माय, सही दे आता. आजच्या आज टाकाचं हाये थे."

"काय लिवलं त्याच्यात, वाच बरं पुना," मी म्हटलं. कशाला म्हटलं माहीत नाही. मला ते पाठ होतं.

हरिओमने माझ्या उशाखालचा कागद आणून मोठ्याने वाचला. मुलीने पाण्यात उतरण्याआधी काहीही समजावून सांगितलं नाही. श्वास धरू नये असं सांगितलं नाही. पाण्याखाली तिने आमच्या माणसाचा हात सोडला. ती सगळा वेळ फोटो काढण्यात गुंग होती. माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

खाटेवरून आवाज आला. गोविंदा नरड्यातून काहीतरी काढत होता, डोकं उशीवर इकडून तिकडे घासत होता.

"पाणी पाह्यजे काकाले," हरिओम म्हणाला.

"पाणी नाई पाह्यजे त्याले," मी म्हटलं.

मी पेन हातात घेतलं आणि गोविंदाचा डावा हात आला. माझं मनगट त्याने धरलं. त्या हातात इतकी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. आयुष्यभर मोटेचे दोर आणि दगड ओढलेला हात. माझी बांगडी पिचली.

"सोड बे!" हरिओम उठला. त्याने काकाची बोटं एकेक करून उचकटायला सुरुवात केली. पहिलं बोट सुटलं, दुसरं उचकटेपर्यंत पहिलं पुन्हा घट्ट बसलं. "पाह्य न माय, मेल्याचा जोर! त्या पोट्टीसाठी जीव टाकून राह्यला म्हातारा. पाण्याखाली काय केलं होतं वो काका तुमी दोघाईनं?"

गोविंदाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण नजर माझ्यावर होती. हरिओमकडे त्याने बघितलंही नाही.

"हरी, सोड त्याले," मी म्हटलं. "मी नाई करत सही."

"काय?"

"नाई करत. पोरीनं सगळं सांगतलं होतं. म्या ऐकलं हाये. जाय तुहा कागद घेऊन."

मी कागद त्याच्याकडे सरकवला. हरिओम माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग तो कागद घेऊन स्वयंपाकघरात गेला.

गोविंदाची बोटं सैल झाली. त्याने माझा हात सोडला आणि अर्ध्या तोंडाने हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसला. मी भात-वरण कालवून आणलं. एरवी तो चार घासांनी तोंड फिरवतो. काल त्याने वाटी संपवली आणि पुन्हा तोंड उघडलं. मी आणखी भात आणायला उठले.

स्वयंपाकघरात हरिओम ओट्याला टेकून उभा होता. पिठाच्या डब्याच्या झाकणावर कागद होता आणि त्यावर पेन. मी सही केली. मनकर्णा उत्तमराव, मग आडनाव. सातवीपर्यंत शिकले आहे, अक्षर चांगलं आहे. हरिओम कागदाची घडी घालत म्हणाला, "माय, तू बी काय नाटकी हायस!" आणि शेजारी उभी छाया तोंडावर हात ठेवून हसली.

भात घेऊन मी बाहेर आले. अंगणात गाडी सुरू झाली. गोविंदाने कान दिला आणि माझ्याकडे बघितलं.

"खामगावले गेला," मी म्हटलं. "रागानं गेला. कागद फाडून टाकला त्यानं."

त्याने मान डोलावली आणि तोंड उघडलं.